अथ कृष्णपटलमीमांसा

नवा जोडलेला संगणक चालू करावा. पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि पडद्यावर काहीही येत नाही. या अवस्थेला बाजारात 'डिस्प्ले येत नाही' एवढंच म्हणतात. अवस्था घरोघरी ठाऊक आहे, पण तिचं शास्त्र कोणी लिहिलेलं नाही. विद्यापीठांतून कशाकशावर प्रबंध निघाले, काळ्या पडद्याला मात्र अजून एकही मार्गदर्शक लाभलेला नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी कामरेज इथल्या एका घरातल्या प्रकरणाचा आधार घेऊन हे विवेचन केलं आहे. प्रस्तुत लेखक त्या घराचा शेजारी, म्हणजे घटनेचा साक्षीदार आणि चहाचा हक्कदार, अशा दुहेरी अधिकाराने लिहीत आहे.

विषयाशी संबंध नसलेला इतिहास आधी उरकून घ्यावा, अशी शास्त्रीय लेखनाची रीत आहे. ती पाळतो. कामरेज हे सुरतेच्या पलीकडे तापीकाठी, मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावरचं गाव. आज तिथला चार रस्ता प्रसिद्ध आहे. गाव मात्र रस्त्यांपेक्षा फार जुनं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची सागरी वाटाडी रचली. तिच्यात भडोचच्या आखाताच्या तोंडाशी 'कम्मोनी' नावाचं गाव येतं, ते म्हणजे कामरेजच असं काही विद्वान धरतात. त्या आखातात शिरणं इतकं अवघड की राजाच्या चाकरीतले कोळी होड्या घेऊन बाहेर येत आणि परकी गलबतं ओढून आत नेत, असं त्याने लिहून ठेवलंय. आपल्याआपण सुरू न होणारी वस्तू चारचौघांनी मिळून पुढे रेटायची या भागातली परंपरा निदान तितकी जुनी आहे. पुढे सातव्या शतकाच्या उत्तरार्धात गुजरातेतल्या चालुक्यांच्या ताम्रपटांत 'कार्मणेय आहार' असा या प्रदेशाचा उल्लेख सापडतो. मदरबोर्ड म्हणजेही थरावर थर बसवलेला तांब्याचाच पट. तेव्हा समोर ताम्रपट आहे आणि तो कोणालाच वाचता येत नाही, ही वेळ कामरेजवर पहिल्यांदाच आलेली नव्हती. त्यानंतर गायकवाड आले. १९४९ साली बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत कामरेज त्यांच्या नवसारी प्रांतातला एक महाल होता. एवढ्याने इतिहास संपला.

आता प्रकरण. सुरत परिसरात खानदेशातून येऊन स्थिरावलेली मराठी घरं उधना-लिंबायतकडे पुष्कळ. त्यातलंच एक जागेच्या भावाला कंटाळून कामरेजला आलेलं. घरातला मुलगा एम्ब्रॉयडरीचं 'पंचिंग' करतो, म्हणजे साडीवरच्या कोयरीचा सुईला कळेल असा हिशोब संगणकावर मांडून देतो. जुना संगणक एवढा हळू झाला होता की डिझाइन उघडेपर्यंत फॅशन बदलायची. म्हणून त्याने नवा 'असेंबल' करायचं ठरवलं. काही सामान घरपोच मागवलं, काही मामांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलं. (या रस्त्याचं सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग. परंतु १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन रॅमच्या भावात अजून जिवंत आहेत.) सगळं जोडून झालं, आजीने कॅबिनेटच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फुटला, बटण दाबलं. पंखे फिरले. आत सप्तरंगी रोषणाई झाली. मॉनिटरने 'नो सिग्नल' असं कळवलं आणि तो झोपला.

पूर्वपक्ष

या घटनेच्या कारणाविषयी त्या संध्याकाळी जी दर्शनं मांडली गेली, त्यांतलं सर्वांत प्राचीन म्हणजे प्लगवादी. त्याचे आचार्य मामा आणि आद्यग्रंथ टेस्टर. लाइट आहे का, सॉकेटमध्ये करंट आहे का, एक्स्टेंशन बोर्ड ढिला तर नाही, या पलीकडे हे दर्शन जात नाही. त्याचा पाया भक्कम आहे हे मात्र मान्य केलं पाहिजे. पूर्वीच्या एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मागच्या बाजूला ११५ आणि २३० असा एक लाल खटका असायचा. तो ११५ वर राहिला आणि आपल्या २३० व्होल्टच्या लाइनीवर बटण दाबलं की 'फाट्' असा एकाक्षरी निकाल मिळे. तो आवाज मामांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेला असल्यामुळे त्यांचं मत अनुभवजन्य आहे. पंखे फिरतायत म्हणजे करंट आहे, असा आक्षेप कोणीतरी घेतला. 'फिरतायत, पण पुरेसे फिरत नाहीत,' असं त्यांनी उत्तर दिलं. या उत्तराचं खंडन आजवर झालेलं नाही.

दुसरा पंथ रॅमवाद्यांचा. अनुयायांच्या संख्येने हाच सर्वांत मोठा. कामरेज प्रकरणात त्याचं प्रतिनिधित्व समोरच्या भाईंनी केलं. भाई मूळचे सौराष्ट्रातले, हिऱ्याच्या कारखान्यात कामाला. दारातूनच त्यांनी निदान सांगितलं, 'रॅम काढीने पाछी नाखो.' रॅम काढावी, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासावा, फुंकर मारावी, पुन्हा बसवावी, हा विधी काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकाच क्रमाने होतो. त्याचा गुण येतो हे नाकारण्यात अर्थ नाही. तो गुण खोडरबराचा की काढून-बसवण्याचा, याचा निवाडा मात्र कोणी केलेला नाही. आयुर्वेदात निदानाची पाच अंगं सांगितली आहेत, त्यांतल्या एकाचं नाव 'उपशय': रोग ओळखता येत नसेल तर औषध देऊन बघावं, उतार पडला तर रोग तोच. खोडरबर हा शुद्ध उपशय आहे. उतार पडला नाही, तर रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडून एक नवा रोग मात्र होतो. शिवाय इथे एक बारकावा आहे. बोर्डवर रॅमचे चार स्लॉट असतात आणि दोनच पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये घालायच्या असतात. पहिला स्लॉट रिकामा ठेवून दुसऱ्यात का बसायचं, हे ज्याने कधी पंगत वाढली आहे त्याला पटणं शक्य नाही. त्यामुळे आपल्याकडे पट्ट्या पहिल्या आणि दुसऱ्यात सापडतात.

भाईंनी रॅमच्या पलीकडे जाऊन आणखी एक संशोधन केलं, त्याची नोंद आवश्यक आहे. हल्लीच्या एएमडी प्रोसेसरचा सॉकेट, ज्याला एएम५ म्हणतात, तो २०२२ साली आला. आधीच्या एएम४ मध्ये १३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाला होत्या. आता १७१८ पिना बोर्डवरच्या सॉकेटमध्ये उभ्या असतात आणि प्रोसेसरचं पोट सपाट. एक पीन वाकली तरी खेळ खलास. भाईंनी खिशातून कारखान्याचा आयग्लास काढला. दहापट मोठं दाखवणारी ती डोळ्याला लावायची भिंगाची डबी, जिच्यातून हिऱ्यातला डाग शोधतात. कूलर काढून, पेस्ट पुसून, डावा डोळा मिटून, ते ओळीओळीने पिना पाहत गेले. चहा निवला. एका कोपऱ्यात त्यांना धूळ दिसली, ती त्यांनी श्वास रोखून काढली. शेवटी डबी खाली ठेवून म्हणाले, 'माल चोख्खो छे.' जगातल्या फार थोड्या मदरबोर्डांना हिऱ्याच्या मोलाची तपासणी लाभली असेल.

बाकीचे पंथ थोडक्यात. केबलवादी: मॉनिटरची वायर बदला. नजरवादी: आजी, लिंबू-मिरची. मुहूर्तवादी: आजीच, पण फोनवर नाशिकच्या मावशींशी बोलून झाल्यावर. आणि चार रस्त्यावरचे एक दुकानदार, ज्यांनी फोनवर, न पाहता, अर्धं वाक्य ऐकून 'बोर्ड उडालाय, घेऊन या' असा निकाल दिला. हा बोर्डवाद. याला दर्शन म्हणावं की व्यवसाय, याबद्दल दुमत आहे.

नाद आणि प्रकाश

ही मतमतांतरं पूर्वी इतकी माजत नसत, कारण पूर्वी यंत्र स्वतः बोलायचं. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी बाजारात आला. तो चालू होताना स्वतःची नाडी स्वतःच तपासायचा आणि सगळं ठीक असेल तर एकदा 'टिंक' करायचा. पुढे या 'टिंक'चं व्याकरण झालं. ते रचणाऱ्यांत अमेरिकन मेगाट्रेंड्स ही प्रमुख कंपनी. नाव अमेरिकन, पण १९८५ साली ती काढणाऱ्या दोघांतले एक सुब्रमोणियन शंकर. तिच्या बायोसमध्ये (यंत्राला जागं करणारी आज्ञावली) आठ टिंक म्हणजे डिस्प्लेच्या मेमरीत दोष, पाच म्हणजे प्रोसेसर. अवॉर्ड नावाच्या दुसऱ्या घराण्यात एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड. नव्वदच्या दशकातला दुरुस्तीवाला डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ऐकायचा आणि मग पेचकस हातात घ्यायचा. आताच्या कॅबिनेटबरोबर तो दीडदमडीचा भोंगा येतच नाही. काच आली, रोषणाई आली, आवाज गेला.

आवाजाच्या जागी दिवे दिले आहेत. बोर्डच्या कडेला चार बारीक दिवे असतात. प्रोसेसर, मेमरी, डिस्प्ले आणि बूट, अशी त्यांची नावं तिथेच मुंगीच्या अक्षरांत छापलेली. गाडं जिथे अडलं असेल तिथला दिवा जळत राहतो. कामरेज प्रकरणात यातला पहिला दिवा पहिल्यापासून लाल पेटलेला होता. पण शेजारी पंख्यांत, रॅमवर, कूलरवर आणि कॅबिनेटच्या कडांना मिळून एवढी आरास चालली होती की हा दिवा तिच्यातलाच एक समजला गेला. 'हा लाल मस्त दिसतोय,' असं मामा म्हणाल्याची नोंद आहे. एवढ्या आराशीत खरं बोलणारा तो एकटाच होता. त्याची चौकशी झाली नाही, कौतुक झालं.

अभावखंड

आता मुख्य सिद्धांताकडे येतो. 'डिस्प्ले येत नाही' हे वाक्य नीट पाहा. त्यात एका वस्तूचा नसलेपणा सांगितला आहे. नसलेपणाचा विचार न्यायवैशेषिकांइतका कोणी केला नाही. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त सात पदार्थ मानले आहेत, त्यांतला सातवा अभाव. तो चार प्रकारचा. आमचं प्रतिपादन असं की काळा पडदाही चार प्रकारचा असतो, आणि प्राचीनांनी केलेली विभागणी त्याला स्क्रूमागे स्क्रू लागू पडते.

पहिला अत्यंताभाव: जे तिथे नव्हतं, नाही आणि असणारही नाही. काही प्रोसेसरांच्या नावामागे 'एफ' हे अक्षर असतं. त्यांच्या पोटात चित्र काढणारा भागच नसतो. असा प्रोसेसर घ्यायचा, वेगळं ग्राफिक कार्ड घ्यायचं नाही, आणि मॉनिटरची वायर बोर्डला लावून पाहत बसायचं, हा अत्यंताभावाचा नमुना. इथे खोडरबर, मंत्र आणि बोर्ड बदलणं सारखंच निष्फळ. दुसरा अन्योन्याभाव: घट म्हणजे पट नव्हे. डिस्प्ले आहे, पण तो एका भोकात आहे आणि वायर दुसऱ्यात. कार्डाला लावायची वायर बोर्डला लावली, किंवा मॉनिटर 'एचडीएमआय १' पाहतोय आणि चित्र 'एचडीएमआय २' मध्ये तिष्ठत उभं आहे. केबलवाद्यांचं जे काही यश आहे ते या प्रकारात. तिसरा प्रध्वंसाभाव: होता आणि नष्ट झाला. बोर्ड खरोखरच उडाला. याला सुरुवात आहे, शेवट नाही. वॉरंटी असली तरच शेवट आहे. चौथा प्रागभाव: अजून झालेलं नाही, पण होणार आहे. याला सुरुवात नाही, शेवट मात्र आहे, आणि तो शेवट म्हणजे वस्तूचा जन्म.

मेख अशी की डोळ्यांना चौघेही सारखेच काळे. शेवटच्या दोघांची गल्लत तर सर्वांत महाग पडते, कारण होणार असलेल्या गोष्टीला झालं-गेलं समजून माणूस दुकानाची वाट धरतो. हे पुढे घडता घडता राहणार होतं, म्हणून इथे ठसवून ठेवतो.

आता हा अभाव कळतो कशाने? इथे मीमांसकांत फूट आहे. कुमारिल भट्टाच्या अनुयायांनी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं: वस्तू दिसत नाही यावरूनच ती नाही हे कळतं. प्रभाकराच्या पंथाला हे मान्य नाही. मानणाऱ्यांनीही एक अट घातली आहे: ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत मडकं दिसत नाही, म्हणून ते नाही असं ठरत नाही. प्राचीनांना कॅबिनेट ठाऊक असतं तर त्यांनी मडक्याऐवजी त्याचाच दाखला दिला असता. कॅबिनेटच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, कूलरच्या आडोशाला, वायरींच्या गुंत्यामागे जे असतं ते असलं तरी दिसत नाही आणि नसलं तरी दिसत नाही.

नेमकं त्या कोपऱ्यातच प्रोसेसरचं वीजकनेक्शन असतं. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचा मापदंड आखला तेव्हा बोर्डला एकच वीस पिनांचा मोठा कनेक्टर असे. प्रोसेसरांची भूक वाढली तशी मोठ्याच्या पिना चोवीस झाल्या, आणि प्रोसेसरला चार, मग आठ पिनांचा वेगळा घास द्यायची वेळ आली. चोवीसवाला बसला की पंखे फिरतात, दिवे लागतात, सगळं घर जागं दिसतं. आठवाला नसेल तर फक्त घरधनी उठत नाही. त्या संध्याकाळी 'पॉवर दिलीय का?' हा प्रश्न वेगवेगळ्या मुखांनी पुन्हा पुन्हा विचारला गेला, आणि दर वेळी 'बघितलंय' असं उत्तर आलं. मामांनी बघितलं तो चोवीसवाला. भाईंनी बघितल्या त्या १७१८ पिना. मुलाने बघितली ती आठ पिनांची ग्राफिक कार्डाची वायर, जी दिसायला सख्ख्या भावासारखी, पण खाचा वेगळ्या. प्रत्येकजण खरं बोलत होता. शब्दप्रमाणाविषयी नैयायिकांनी आप्तवाक्य म्हणजे यथार्थ बोलणाऱ्याचं वाक्य एवढंच लक्षण केलं आहे. बोलणारा नेमकं कशाकडे बघून बोलतोय हेही विचारावं, अशी भर आम्ही सुचवतो.

अखेर सगळे पंथ थकल्यावर मुलाने अन्वय-व्यतिरेकाचा मार्ग धरला. कारण असेल तर कार्य असतं, कारण काढलं तर कार्य जातं. म्हणून एकेक वस्तू काढून बघायची. व्यवहारात याचा अर्थ असा की बोर्ड कॅबिनेटमधून पूर्ण बाहेर काढायचा, त्याच्याच खोक्यावर आडवा ठेवायचा, त्याला प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एक पट्टी एवढंच लावायचं, आणि बटणाच्या दोन पिनांना पेचकसाचं टोक टेकवून चालू करायचं. बोर्ड काढायचा म्हणजे आधी सगळ्या वायरी उपटायच्या. चोवीसवाल्याने अंगठ्याचं नख दुखवलं. पंख्यांच्या वायरी रुसत रुसत निघाल्या. यूएसबीची निळी पट्टी तर तिथेच जन्माला आल्यासारखी बसली होती. आणि कोपऱ्यातल्या आठवाल्याला मुलाने हात लावला, तर तो नुसता हातात आला. ना खटका, ना हिसका. मागच्या भोकातून आलेला तो रबराच्या कडेला आणि कूलरला टेकून असा उभा होता, की जणू बसलाय. टेकलेला होता, बसलेला नव्हता.

शास्त्राच्या दृष्टीने हा क्षण महत्त्वाचा आहे. अभावाचं ज्ञान डोळ्यांना झालं नाही, भिंगाला झालं नाही. विरोधाच्या अनुपलब्धीने बोटांना झालं. या पद्धतीचा उल्लेख आमच्या पाहण्यात ना भाट्टांत आहे, ना प्राभाकरांत.

प्रागभावाचा कसोटीकाळ

खोक्यावर बोर्ड, नीट 'टक्' करून बसवलेला आठवाला, पेचकसाचं टोक. लाल दिवा विझला. पिवळा लागला. पडदा काळाच.

दुसऱ्या दिव्याचं नाव मेमरी असल्याने रॅमवाद्यांनी विजयोत्सव सुरू केला आणि भाईंनी खोडरबर मागितला. इथे थोडं थांबून सांगितलं पाहिजे. डीडीआर५ जातीची मेमरी इतक्या वेगाने चालते की प्रोसेसर आणि तिच्यातल्या प्रत्येक रेषेवरून विद्युतलहर यायला जो सूक्ष्म उशीर होतो, तो मोजून जुळवून घ्यावा लागतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. पहिल्यांदा चालू करताना हे काम होतं आणि एएम५ बोर्डांवर ते चांगलंच रेंगाळतं; मेमरी जास्त असेल तर अनेक मिनिटं. तेवढा वेळ पडदा काळा. यंत्र कामात गढलेलं असतं आणि तसं सांगायला त्याला तोंड नसतं. हाच तो प्रागभाव. पण बघणाऱ्याला तो प्रध्वंसाभाव वाटतो आणि तो बटण दाबून बंद करतो. मग पुन्हा चालू केलं की पाढा पहिल्यापासून. असे कित्येक निरोगी बोर्ड 'उडाले' म्हणून परत गेले असतील.

किती वेळ थांबावं? धर्मशास्त्राने अनेक गोष्टींचा काळ घटका-पळांत दिला आहे, याचा नाही. मामांचं मत: चहा होईपर्यंत. मुलाचं मत: काही हललं नाही तर लगेच बंद करावं, जळेल. भाईंचं मत: खोडरबर. मुलाने हात पुढे केलाही, पण तेवढ्यात आजीचं गुरुचरित्राचं पारायण आतल्या खोलीत सुरू झालं आणि अध्याय संपल्याशिवाय घरात कोणी उठायचं नाही असा दंडक होता. अध्याय लांब होता. तो संपायच्या आत पडदा उजळला आणि बायोसचं करडं पान आलं. पोथी मध्येच न सोडण्याचा नियम मेमरी ट्रेनिंगला इतका अनुकूल असावा, याचा धार्मिक आणि अभियांत्रिकी अशा दोन्ही बाजूंनी अभ्यास व्हायला हवा.

प्रतिष्ठापना

संगणक उठला म्हणजे तो चालतो असं नव्हे. त्याच्यात विंडोज मारावं लागतं. 'मारणे' या क्रियापदाला इथे पर्याय नाही आणि पुढचा छळ पाहता तो नसावाच.

पहिली अडचण पेनड्राइव्हची. मुलाच्या मित्राने विंडोजची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून दिली होती. अशा पेनड्राइव्हला बायोस ओळखही देत नाही. फाइल आत आहे, पण ती उघडून, मांडून, पेनड्राइव्ह बूट होण्यासारखा केलेला नाही. जुन्या संगणकावर तो रीतसर बनवावा लागला, आणि जुना संगणक किती वेगवान होता ते वर आलंच आहे.

दुसरी अडचण वारशाची. नव्या डिस्कसोबत जुन्या संगणकातली हार्डडिस्कही लावायची होती, कारण तिच्यात पंचिंगची सगळी डिझाइनं. मुलाने घाईत तिच्यावरच विंडोज टाकायला घेतलं, तर यंत्राने नकार दिला: डिस्कची मांडणी एमबीआर आहे, जीपीटी हवी. एमबीआर ही १९८३ सालच्या डॉसबरोबर आलेली वतनदारी. तिच्या वहीत आकडे मावतात ते दोन टेराबाइटांच्या आसपासपर्यंत; त्या पुढची जमीन तिला मोजताच येत नाही. नव्या बायोसला, ज्याला यूईएफआय म्हणतात, विंडोजसाठी नवी जीपीटी वही लागते. या टप्प्यावर पडद्यावर 'डिलीट' असं एक सोपं बटण असतं आणि ते दाबलं की अडचण, डिझाइनं आणि गिऱ्हाइकं एकदमच नाहीशी होतात. मुलाने माउस तिथवर नेला होता. मामांनी 'थांब रे भो!' असं ओरडून त्याचा हात धरला. प्लगवादी दर्शनाने केलेलं हे सर्वांत मोठं लोककार्य: त्यांनी हार्डडिस्कचा प्लगच उपटला. मग नव्या डिस्कवर विंडोज निमूट गेलं. (इंटेलच्या काही यंत्रांत तर डिस्क दिसतच नाही, व्हीएमडी नावाचा ड्रायव्हर आधी भरवावा लागतो. ते वेगळं प्रकरण आहे आणि कामरेजशी त्याचा संबंध नाही.)

तिसरी अडचण तर्कशास्त्रातल्या 'अन्योन्याश्रय' दोषाचं इतकं निर्मळ उदाहरण आहे की ते पाठ्यपुस्तकात जावं. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ ला सुरुवातीलाच इंटरनेट हवं असतं. इंटरनेट वायफायवरून येणार. वायफायचं कार्ड इतकं नवं की त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नाही. ड्रायव्हर इंटरनेटवर आहे. पुढे जायला इंटरनेट हवं, इंटरनेट यायला पुढे जायला हवं. हा तिढा मोबाइल यूएसबीच्या वायरने जोडून त्याचं इंटरनेट संगणकाला दिलं की सुटतो. तसा तो सुटला. वायर भाईंच्या घरून आली.

फलश्रुती

पडद्यावर निळं फूल उमललं आणि लगेच श्रेयाचा वाद सुरू झाला. पेचकस टेकवण्याआधी मामांनी एक्स्टेंशन बोर्ड बदलला होता, म्हणून ते म्हणाले, दोष बोर्डातच होता, मात्र एक्स्टेंशन बोर्डात. भाईंच्या मते अध्याय चालू असताना त्यांनी रॅमची दुसरी पट्टी नुसती हातात घेऊन पुसली होती; हातातली पट्टी पुसल्याने बोर्डवरची पट्टी कशी सुधारते, हा आक्षेप त्यांनी हसून सोडून दिला. आजीने पोथी गुंडाळली आणि काहीच म्हटलं नाही, पण नाशिकला फोन लावला. याला प्राचीनांनी काकतालीय न्याय म्हटलं आहे: कावळा बसला आणि ताडाचं फळ पडलं. त्या न्यायात कावळा एकच असतो. त्या खोलीत फांदी भरलेली होती.

आठवाल्याचं नाव कोणी काढलं नाही. चार रस्त्यावरच्या दुकानदारांना मुलाने कळवलं की संगणक चालू झाला, तेव्हा ते म्हणाले, 'म्हणजे बोर्ड अजून पूर्ण उडालेला नाही. उडाला की आणा.'